पट्टा पडल्यानंतर : ऊसतोडीहून घरी परतलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी सरकारने जे काही केलं आहे, त्याचा सगळा रोख जाण्याच्या दिवसांवर आहे. मुलं गावातच राहावीत म्हणून समग्र शिक्षा अभियानातली हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ साली ४१ तालुक्यांसाठी ८२ संत भगवानबाबा वसतिगृहं मंजूर झाली. ग्रामसेवकाने मजुराला ओळखपत्र द्यायचं, शाळेने मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे जाईल तिथल्या शाळेत दाखल्यावाचून अडू नये. पण मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचं गाळप संपतं, आणि ट्रॅक्टर गावात परत येतो तेव्हा या माणसांची नोंद घ्यायला कुणी पुढे येत नाही. आली माणसं घरी, आता कसली अडचण, असं सगळेच धरून चालतात. घरातली माणसंही तसंच धरतात, आणि सहा महिने राबून आलेल्या माणसाने चार दिवस पाठ टेकावी यात गैर काहीच नाही.

मी या गावांत शाळेपासून तुटलेल्या मुलांसाठी काम करते. माझं मत असं झालं आहे की पुढचा हंगाम कसा जाणार हे परतल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच बरंचसं ठरून जातं. शाळेची परीक्षा, लेकराची लस, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडचा हिशेब, बँकेची मुदत, सगळं त्याच दिवसांत येतं आणि वेळ गेली की हातातून सुटतं. इथे एकाच कुटुंबाचं प्रकरण सविस्तर मांडते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घरातली माणसं

गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या उतारावरचं. नवरा पस्तिशीचा, बायको एकतीस वर्षांची. थोरली मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. मधला मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. धाकटा २०२२ च्या ऑगस्टमधला. नवऱ्याची आई साठी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू. दोन एकर कोरडवाहू जमीन, तीत कापूस आणि मधल्या ओळींत तूर.

२०२३ ला पावसाने दगा दिला. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धारूर होता. टोळी दिवाळीच्या आधीच निघाली. दहा कोयते, म्हणजे दहा जोडपी. एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. आणि कोल्हापूर जिल्ह्यातला एक कारखाना. या जोडप्याने एक लाख रुपये उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली. मुलगा आजीजवळ राहिला आणि शाळेतल्या हंगामी वसतिगृहात जेवू लागला. मुलीचंही नाव त्या यादीत होतं, तरी तिला सोबत नेलं. सव्वा वर्षाचं लेकरू ऊसाच्या फडाच्या कडेला कुणाच्या भरवशावर सोडायचं, या प्रश्नाला घरात दुसरं उत्तरच नव्हतं. हे मी मुद्दाम आधी सांगते. मुलीची शाळा सुटते ती आईबापाला शिक्षणाचं मोल कळत नाही म्हणून, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. या घरात मुलीची शाळा सुटली ती धाकट्याला सांभाळायला माणूस नव्हतं म्हणून.

हंगामभर ती पहाटे उठून चूल पेटवायची, आईबाप फडात गेले की भावाला कडेवर घेऊन कोपीजवळ, म्हणजे राहायच्या झोपडीजवळ, थांबायची, दुपारी भाकरी घेऊन फडात जायची. हमी पत्रक पिशवीत होतं, पण फड दर आठ-पंधरा दिवसांनी बदलायचा आणि शाळा कधी जवळ नसायची. ते पत्रक तिने एकदाही कुणाला दाखवलं नाही.

पहिला आठवडा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पट्टा पडला आणि टोळी पाडव्याच्या आधी गावात आली. घरात पहिला पेच पडला तो नऊ वर्षांच्या मुलाचा. तो आईजवळ येईना. काही विचारलं की आधी आजीकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा. रात्री आजीच्याच गोधडीत शिरायचा. चौथ्या दिवशी त्याची आई माझ्याजवळ म्हणाली, “मपलं लेकरू मला वळखंना, ताई.”

ओळखत तो होताच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फोनवर भरभरून बोलायचा. संक्रांतीनंतर फोनवर यायचाच बंद झाला, असं आजीने सांगितलं. मागे राहिलेल्या मुलांत हे फार वेळा दिसतं. आईबाप निघून गेल्यावर मूल पहिले काही आठवडे वाट बघतं, मग स्वतःची घडी बसवून घेतं. त्या घडीत आजी असते, शाळेचा डबा असतो, एखादा मित्र असतो. आईबाप परत येतात तेव्हा ती घडी मोडते, आणि त्यात भर म्हणून ज्याला सोबत नेलं होतं तो धाकटा भाऊ आईच्या मांडीवर बसलेला असतो. या मुलाने दप्तर आणि रंगाचे खडू आजीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून तिला कडी लावली होती. धाकट्याचीही कथा वेगळी नव्हती. तो चालायला फडात शिकला, झोपला ट्रॅक्टरच्या आवाजात. भिंतीच्या घरात, पत्र्याखाली, तो रात्री दचकून रडायचा. आजी म्हणायची, दृष्ट लागली.

सासू-सुनेतही ताण आला. सुनेने आल्याबरोबर चूल हातात घेतली, डबे हलवले, नातवाला उठवायचं, आंघोळ घालायचं कामही स्वतःकडे घेतलं. तिच्या मनात सासूला आराम द्यावा एवढंच होतं. म्हातारीला वाटलं, पाच महिने मी घर धरून बसले आणि आता मला बाजूला सारलं. दोन दिवस ती जेवली नाही.

तोडगा पाण्याने काढला. गावात टँकर सुरू होता. तो कधी येतो, कुणाच्या दारात आधी पाइप पडतो, पिंप कुठे लावून ठेवायचं, कोण नंबर मोडतं, हे सगळं त्या मुलाला तोंडपाठ होतं, कारण उन्हाळा लागल्यापासून आजीचं पाणी तोच भरत होता. आई टँकरला त्याच्यासोबत जाऊ लागली. तो सांगायचा, ती घागर धरायची. त्याला उठवण्याचं आणि शाळेत धाडण्याचं काम आजीकडेच राहू द्यावं, एवढं मी सुचवलं होतं. ते तिने मानलं. पंधरा दिवसांत मुलगा आईच्या बाजूला झोपू लागला असं काही झालं नाही. मे महिन्यात, मामाच्या गावाहून परतताना, पहिल्यांदा तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला.

आल्यावर लेकराला लगेच कुशीत ओढू नका, असं मी आता प्रत्येक घरी सांगते. त्याचं जे चालू आहे ते चालू राहू द्यावं आणि त्यात आपण शिरावं.

हिशेब

नवऱ्याची झोप मात्र दुसऱ्याच गोष्टीने उडाली होती. कारखान्यावरून निघताना मुकादमाने तोंडी सांगितलं होतं, “तुमच्या अंगावर पस्तीस हजार चारशे तीस बाकी हाय.” मुकादम शेजारच्या गावचा, लांबच्या नात्यातला. वाद घालायची नवऱ्याची तयारी नव्हती. बाकी असली की पुढच्या हंगामात दुसऱ्या मुकादमाकडे जाता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बाकी खरंच किती, हे विचारणंही नात्यावर उठतं, असं तो धरून होता.

इथे मुलीची वही कामाला आली. विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानांवर तिने प्रत्येक खेपेचं वजन लिहून ठेवलं होतं. संध्याकाळी बाप सांगायचा, ती लिहायची. तिला कुणी हे सांगितलं नव्हतं. लिहायला मिळावं एवढ्याचसाठी ती ते करत होती, असं ती म्हणाली. काट्याच्या पावत्या मुकादमाकडे होत्या. पण टोळीतल्या आणखी दोघांनी मोबाइलवर काही पावत्यांचे फोटो काढले होते आणि ते वहीशी जुळले.

वहीप्रमाणे टोळीचा ऊस २,३५० टन. दहा कोयत्यांत सारखी वाटणी, म्हणजे कोयत्यामागे २३५ टन. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली होती. या टोळीला जुना दर टनाला २७३ रुपये होता, तो ३६६ झाला. मुकादमाने सुरुवातीच्या ८० टनांना जुना दर लावला होता आणि पुढच्या १५५ टनांना नवा. त्याच्या हिशेबाने मजुरी ७८,५७० झाली. उचलीतून ती वजा जाता उरले २१,४३०. त्यात मधे घेतलेले पाच हजार आणि नऊ दिवसांच्या खाड्याचे, म्हणजे काम बुडाल्याच्या दंडाचे, दिवसाला हजाराने, नऊ हजार. झाले ३५,४३०.

कारखान्याने वाढीव दराचा फरक पूर्ण हंगामाचा दिला होता, हे टोळीतल्या दुसऱ्या एका जोडप्याने कारखान्याच्या शेतकी कार्यालयातून विचारून आणलं. म्हणजे ८० टनांवरचे टनाला ९३ रुपये, एकूण ७,४४० रुपये, कोयत्याचे होते. नऊ खाड्यांपैकी चार दिवस ट्रॅक्टर बंद पडला म्हणून टोळीच बसून होती. तो खाडा मजुराच्या माथी मारण्याचं कारण नव्हतं. ही दोन्ही कलमं दुरुस्त केली तर बाकी २३,९९० होत होती. ११,४४० रुपयांचा फरक. बायको म्हणाली, एवढ्यात पोरीचं दोन वर्षांचं सगळं भागतं.

या पैशांसाठी एकट्याने मुकादमाच्या दारात जाण्यात अर्थ नव्हता. पाडवा झाल्यावर दहापैकी सात जोडपी एकत्र गेली. भांडण झालं नाही. वही समोर ठेवली, मुलीने स्वतः वाचून दाखवली. मुकादमाने दराचा फरक मान्य केला, ट्रॅक्टरच्या दिवसांचा खाडाही सोडला. उरलेल्या पाच दिवसांचा मात्र सोडला नाही. ते पाच दिवस बायको आजारी होती म्हणून जोडी फडावर गेली नव्हती.

हे सगळं परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत झालं म्हणून झालं, असं मला वाटतं. मे उजाडला असता तर टोळी पांगली असती. कुणी पुण्याला बांधकामावर जातं, कुणी लग्नाच्या गडबडीत असतं, मोबाइलमधले फोटो पुसले जातात. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये त्यासाठी घेण्याची योजना आहे. पण उचल आणि बाकीचा हिशेब मजुराच्या बाजूने बसून तपासून देईल असं माणूस या कुटुंबाला गावात किंवा तालुक्याला सापडलं नाही. माझ्या मते त्या निधीतला पहिला पैसा याच कामावर खर्च व्हायला हवा.

पाच दिवसांचा खाडा

त्या पाच दिवसांची गोष्ट हिशेबाबाहेरची नाही. बायकोच्या अंगावरून पांढरं जात होतं, कंबर आणि ओटीपोट दुखत होतं, पाळीत रक्त फार जायचं. फडात आडोसा नाही, पाणी नाही, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढायचं. फेब्रुवारीत ती पाच दिवस उठू शकली नाही आणि त्याचे पाच हजार झाले. घरी आल्यावर शेजारच्या दोघी-तिघींनी तिला एकच सल्ला दिला: पिशवी काढून टाक, कटकट संपते. त्यातल्या एकीची पिशवी तिशीच्या आत काढलेली होती.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. नियम चांगला आहे. पण पाळीच्या दिवसांचा खाडा लागतो तोवर पिशवी काढण्याचा विचार बाईच्या मनातून जाणार नाही. तिने तो विचार अडाणीपणाने केलेला नसतो. खाड्याला दिवसाचे हजार रुपये पडतात, हे तिला पाठ असतं.

आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. संसर्ग होता, औषधांनी बरा होण्याजोगा. हिमोग्लोबिन ८.४. बाईचं ते १२ च्या वर असायला हवं. लोहाच्या गोळ्या, जंताची गोळी, आणि महिन्याने पुन्हा तपासणी. त्याच फेरीत धाकट्याचं कार्ड काढलं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. तो विसाव्या महिन्यात होता, म्हणजे वेळ हातात होती. आधीच्या लसी पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतील या भीतीने बरेच आईबाप जातच नाहीत. तसं नसतं; जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

आठवीची परीक्षा, आणि स्थळ

मुलीचं नाव शाळेतून कमी झालेलं नव्हतं. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शालाबाह्य धरलं जातं, पण प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. अडचण वेगळी होती. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास त्याच वर्गात बसवण्याचा नियम राज्यात २०२३-२४ पासूनच लागू झाला होता. आठवीपर्यंत सगळे पुढे जातात, हे गावात पक्कं बसलेलं. त्यामुळे ती परीक्षेला बसली नाही तरी काय बिघडतं, असं घरात चाललं होतं. ती स्वतः तर जायलाच तयार नव्हती. मैत्रिणींच्या वह्या भरलेल्या, तिची वही ऊसाच्या वजनांनी भरलेली.

नियमात एक चांगली सोय होती आणि मुख्याध्यापकांनीच ती घरी येऊन समजावून सांगितली: नापास झाली तर निकालानंतर जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा. म्हणजे एप्रिलमध्ये बसून नापास झालेल्या मुलीला जूनमध्ये आणखी एक संधी होती. ती बसली. मराठी, हिंदी, इतिहास निघाले. गणित आणि विज्ञान गेलं. हिशेबात मुकादमाची चूक काढणारी मुलगी बैजिक राशींत अडकली, याचं मला नवल वाटलं नाही. तो भाग वर्गात डिसेंबर-जानेवारीत शिकवला गेला होता आणि ती तेव्हा शिरोळ भागातल्या एका फडावर होती.

मे महिन्यात स्थळ आलं. मुलगा एकोणीस वर्षांचा, ऊसतोडीलाच जाणारा. लग्न झालं की जोडी होते, जोडी झाली की कोयता होतो, कोयत्याला उचल मिळते. आजीचा कल होकाराकडे होता आणि तिचं म्हणणं मी हलकं समजत नाही: तुम्ही दोघं जाणार, वयात आलेली पोर माझ्या जिवावर ठेवणार, उद्या काही झालं तर? ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो तिथे बालविवाहाच्या कायद्याचं कलम वाचून दाखवून काही होत नाही. कायदा आहे, गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेही त्यांना ठाऊक होतं. लग्न रात्रीतून दुसऱ्या गावी लावता येतं, हेही ठाऊक होतं.

बापाने नकार दिला. का दिला, हे त्याने मला एका वाक्यात सांगितलं: “वही तिनं लिवली, म्हणून अकरा हजार वाचले. तिला अजून शिकू द्या.” उपदेशाने हे साधलं नसतं.

जूनमध्ये तिचे दोन्ही विषय सुटले. नववीची शाळा पाच किलोमीटरवर आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, तो काढला. सकाळची गाडी वेळेवर येते, संध्याकाळची येत नाही. त्या गाडीसाठी गावातल्या सात मुलींच्या पालकांनी आगाराला अर्ज दिला आहे.

उचल टाळता येते का

टाळता आली नाही, कमी करता आली. जून-जुलैत पेरणीला पैसा लागतो आणि नेमका तेव्हाच मुकादम उचल घेऊन गावात फिरतो. म्हणून एप्रिल ते जून या काळात घरात येणारा प्रत्येक रुपया उचलीतून वजा होतो, असं आम्ही मांडून बघितलं.

पीककर्ज फेडण्याची ३१ मार्चची मुदत टळून गेली होती आणि नवरा बँकेसमोरून जायचंही टाळत होता. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत कर्जाचं पुनर्गठन आणि वसुलीला स्थगिती होती, हे त्याला कळलं ते मेच्या मध्यावर. ही माहिती गावात डिसेंबरपासून होती. फक्त तो तेव्हा गावात नव्हता, आणि आल्यावर त्याला कुणी सांगितलं नाही. रोजगार हमीत त्याने नमुना ४ भरून काम मागितलं. बायकोने जाऊ नये, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, म्हणून तो एकटा गेला: २४ दिवस, २९७ रुपयांनी ७,१२८. पैसे जूनच्या मध्यावर जमा झाले, पेरणीच्या तोंडावर. कापसाच्या बियाण्याची पिशवी ८६४ रुपयांची. दोन एकराला चार पिशव्या, ३,४५६. उरल्या पैशात खताची एक-दोन पोती बसली. त्या वर्षी जूनमध्ये पाऊसही वेळेवर आला.

जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. बायकोच्या नावाचं खातं होतं पण आधारला जोडलेलं नव्हतं. ते जोडून घेतलं आणि ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे तीन हजार आले. कोयत्याची मजुरी दोघांची असते पण व्यवहार नवऱ्याच्या नावाने होतो, त्यामुळे तिच्या हातात तिच्या नावाने आलेली ही पहिली रक्कम. तिने त्यातून मुलीला सायकल घ्यायची ठरवली आणि सासूला गुडघ्यासाठी तालुक्याला दाखवून आणलं.

ऑगस्टमध्ये उचल घेतली ती साठ हजार, जुनी बाकी धरून. म्हणजे हातात ३६,०१०. आदल्या वर्षीच्या लाखाच्या मानाने ही मोठी गोष्ट आहे. या वेळी रक्कम, दर आणि जुनी बाकी कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या. बायकोचीही सही आहे. कागद साधा आहे, मुद्रांकाचा नाही.

राहता राहिला धाकट्याचा प्रश्न. त्याचं काही ठरलं नाही तर दिवाळीला मुलीला पुन्हा ट्रॉलीत बसावं लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. आजीजवळ ठेवायचा तर तिचे गुडघे आणि त्याचं वय जमत नव्हतं; अंगणवाडीत बसायलाही तो अजून लहान. टोळीत आणखी दोन जोडप्यांची लहान मुलं होती. त्यांनी मिळून टोळीतल्याच एकाच्या आईला सोबत न्यायचं ठरवलं. तिला आता तोडणी होत नाही, पण चार लेकरांवर नजर ठेवणं आणि भाकरी करणं होतं. तीन जोडपी मिळून तिला महिन्याला साडेचार हजार देणार. जेवण टोळीत. मुकादमाने एक जादा कोपी उभारायला ताडपत्री कबूल केली.

२०२४ चा गाळप हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला आणि टोळी गेली. मुलगी आणि मुलगा आजीजवळ आहेत. बायकोचं हिमोग्लोबिन ऑक्टोबरात १०.२ झालं होतं. तीन महिन्यांच्या गोळ्या तिने बरोबर नेल्या आहेत. टोळीत या वेळी खेपांची वही एका तरुण जोडप्याकडे आहे, कारण लिहिणारी मुलगी आता गावात आहे. शाळा व्यवस्थापन समितीने हंगामी वसतिगृहाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे: आईबाप कधी परतले. त्या तारखेनंतर आठवड्याच्या आत शिक्षक, आशाताई आणि ग्रामसेवक यांच्यापैकी एकाने त्या घरी जायचं, असं ठरलं आहे. कोण कुठल्या वस्तीवर जाणार याची यादी अजून व्हायची आहे.

आजारपणाच्या पाच दिवसांचे पाच हजार काही सुटले नाहीत. निघण्याआधीच्या बैठकीत टोळीतल्या सहा बायकांनी तो विषय काढला: पाळीच्या आणि दुखण्याच्या दिवसांना खाडा लावू नये, निदान महिन्याला दोन दिवस सोडावेत. मुकादम म्हणाला, कारखाना सुरू होऊ द्या, मग बघू. हे लिहीपर्यंत त्याचं उत्तर आलेलं नाही.